धोंड्याचं जेवण, सहा खुर्च्या आणि बारा माणसं

ताई, लेकीचं लग्न गेल्या डिसेंबरात झालं. आता तिचा पहिला धोंड्याचा महिना. लेक-जावई, व्याही, विहीणबाई, जावयांची बहीण, तिचे मालक आणि त्यांची दोन लेकरं असे आठ जण छत्रपती संभाजीनगरहून आमच्याकडं परभणीला दुपारच्या जेवणाला येणार आहेत. घरचे आम्ही चौघं: मी, हे, मुलगा आणि सासूबाई. फ्लॅटमध्ये राहायला आलो तेव्हा हौसेनं सहा खुर्च्यांचं टेबल घेतलं, पण त्यावर वर्तमानपत्रं आणि औषधांचे डबेच जास्त. आता ते नीट सजवायचंय. मोबाईलवर बघून सोनेरी चार्जर प्लेट, टेबलाच्या मध्यावर अंथरायची रनरची लांब पट्टी, मेणबत्त्या, मोठा फ्लॉवरपॉट आणि कापडी नॅपकिनचे मोर असं सगळं मागवायचं ठरवलंय. सासूबाई म्हणतात, "धोंड्याचं जेवण हाय का हॉटेल? पाट मांडा, रांगोळी काढा." यांचं म्हणणं, केटरर सांगून मोकळी हो. विहीणबाई मोठ्या घरच्या आहेत, त्यांनी नाव ठेवायला नको. काय करू?
— एक वाचक, परभणी

ताई,

ऑर्डर टाकण्याआधी शिवणाच्या डब्यातली टेप काढा आणि टेबल मोजा. सहा खुर्च्यांचं टेबल बहुधा ५ फूट लांब आणि ३ फूट रुंद असतं. तुमचंही तेवढंच धरू. रुंदी झाली ३६ इंच. सणावाराचं ताट १२ इंचांचं आणि ते काठापासून इंचभर आत ठेवायचं. समोरासमोर दोन ताटं मांडली की २६ इंच गेले. मध्ये राहिली १० इंचांची पट्टी. त्यात दोन्हीकडची पाण्याची भांडी ठेवा, प्रत्येकी ३ इंच. हाती उरले ४ इंच. या चार इंचांत तुमचा मोठा फ्लॉवरपॉट, मेणबत्त्या आणि रनर बसवायचाय. आणि आमरसाची वाटी? ती ताटाबाहेरच ठेवावी लागते, कारण ताटात धोंडे आहेत.

मोबाईलवरची ती टेबलं ज्या जेवणासाठी मांडलेली असतात, त्यात एक पदार्थ संपला की ताटली उचलतात आणि दुसरी आणून ठेवतात. चार्जर प्लेट म्हणजे त्या येणाऱ्या-जाणाऱ्या ताटल्यांखालची बैठक. तिच्यावर अन्न वाढत नाहीत, सोनेरी मुलाम्याच्या बऱ्याच प्लेटवर तर थेट वाढूही नये. आपलं ताट एकदा मांडलं की माणूस उठेपर्यंत जागचं हलत नाही. सगळं त्यातच येतं आणि पुन्हा पुन्हा येतं. तूप, वरण, येळवणीची आमटी, परत तूप. म्हणजे आपल्या टेबलावर जेवण होईपर्यंत कुणाचा ना कुणाचा वाढता हात असतोच, आणि त्या हातात बहुतेक वेळा काहीतरी गरम, पातळ आणि पिवळं असतं. त्याच्या वाटेत उंच काही ठेवलं की ते एकतर पडणार, नाहीतर वाढणारी बाई दबकून अर्धंच वाढणार. माझा हिशेब एवढाच आहे: वाढणारीची वाट मोकळी ठेवायची आणि सजावट ताटात उतरवायची.

तेव्हा चार्जर प्लेट रद्द. ताटाखाली आणखी एक ताट ठेवून शोभा वाढत नाही, घासायची भांडी मात्र वाढतात, आणि तीही मे महिन्यात. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं होतं. मराठवाड्यातल्या माणसानं भांड्यांचा हिशेब पाण्यावरून करायची सवय सोडू नये.

आता सासूबाईंकडे येते. त्यांचं निम्मं बरोबर आहे, आणि ते निम्मं तुम्ही त्यांना पूर्ण द्या. चांद्र वर्ष साधारण ३५४ दिवसांचं आणि सौर वर्ष ३६५ चं, ही तूट भरून काढायला तीनेक वर्षांनी एक महिना जास्तीचा येतो. यंदा तो अधिक ज्येष्ठ, १७ मे ते १५ जून. या महिन्यात लेक-जावई लक्ष्मी-नारायण म्हणून घरी येतात, त्यांना ओवाळतात, ३३ अनारशांचं वाण देतात. हा सगळा भाग पाटावरच व्हायचा. दोन पाट, समोर चौरंग, समई, रांगोळी. दिवाणखान्याची एक भिंत सोफा सरकवून मोकळी करा आणि तो कोपरा सासूबाईंच्या ताब्यात द्या. तिथं कोणता पाट, कोणतं वस्त्र, निरांजन कुठं, हे त्या सांगतील. तुम्ही मध्ये बोलायचं नाही. लेकीला स्टेटसला टाकायला फोटो हवा असेल तर तोही तिथंच निघेल.

रांगोळी कोरडी काढू नका. पंखा लागतो, ती पसरते आणि विहीणबाईंच्या साडीच्या काठाला लागून घरभर जाते. प्लायच्या तुकड्याला गेरू लावा, वाळू द्या, आणि तांदळाच्या पिठीचं दाटसर पाणी करून बोटानं महिरप ओढा. वाळल्यावर ती दोन-तीन दिवस हलत नाही. टेबलावर मात्र रांगोळी कुठल्याच रूपात नको. काही जणी ताटाभोवती रंगीत महिरप काढतात, फोटोत छान दिसते. पण ती शेवटी दगडाची पूड आहे, आणि ताट कोपराजवळ आहे.

वाणाचे अनारसे ही तुमच्या घरातली सगळ्यात देखणी वस्तू असणार आहे, आणि तिचा पत्रात उल्लेखसुद्धा नाही. तांब्याच्या ताटात खाली १२ गोल मांडा, वर १०, मग ७, आणि शेंड्याला ४. झाले ३३. खसखशीची बाजू वर. प्रत्येक थर खालच्या दोन अनारशांच्या फटीवर बसवा, म्हणजे डगमगत नाही. पहाटे मांडा आणि वर जाळी ठेवा. आदल्या रात्री मांडाल तर सकाळी मुंग्यांचं वाण होईल.

जेवण मात्र टेबलावर. सासूबाईंनाही हे समजावून सांगा, आणि सांगताना टेबलाची बाजू घेऊ नका, गुडघ्यांची घ्या. विहीणबाईंच्या गुडघ्याचं तुम्हाला माहीत नाही, सासूबाईंच्या गुडघ्याचं माहीत आहे. पाटावर बसून तासभर जेवायचं आणि मग कुणीतरी हात देऊन उठवायचं, यात पाहुण्यांपुढं अवघडल्यासारखं त्यांनाच होईल.

सहा खुर्च्यांत बारा माणसं कशी, हा खरा प्रश्न तुम्ही पत्रात विचारलेलाच नाही. एका माणसाला हात मोकळा ठेवून जेवायला २ फूट काठ लागतो. ५ फुटांच्या बाजूला तीन जण बसवलेत तर जावयांचं कोपर मेहुण्यांच्या आमटीत. म्हणून टेबलाला दोन फुटांचं घडीचं टेबल जोडा. मंडपवाल्याकडं भाड्यानं मिळतं, दोन खुर्च्याही त्याच्याकडूनच घ्या. आणण्याआधी उंची मोजून घ्या. जेवणाचं टेबल साधारण ३० इंच उंच असतं, मंडपवाल्याचं एखादा इंच खाली असलं तर पायाखाली लाकडी चकत्या. वरून एकच कापड टाकलं की सांधा दिसत नाही. फक्त त्या सांध्यावर कुणाचं ताट येऊ देऊ नका. आता ७ फुटांच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन आणि टोकांना एक-एक, असे आठ जण ऐसपैस बसतात.

ते आठ कोण? लेक, जावई, व्याही, विहीणबाई, जावयांची बहीण, तिचे मालक, तुमचे हे आणि सासूबाई. लेकरांना बारालाच भूक लागते, त्यांना चौरंगावर आधी जेवू घाला आणि खेळायला सोडा. तुम्ही आणि मुलगा वाढाल आणि दुसऱ्या पंगतीला बसाल. मुलगा वाढणार, हे आत्ताच त्याला सांगा. पाव्हणे आल्यावर सांगितलं तर तो मोबाईल घेऊन गॅलरीत उभा राहील. आणि लेक पंगतीत बसणार, वाढायला उठणार नाही, हेही ठरवून टाका. माहेरी आली की लेकीचा हात आपोआप पदर खोचतो. या महिन्यात ती जावयांच्या शेजारी बसून जेवते, यासाठीच हे जेवण आहे. विहीणबाईंनाही पुरुषांच्या पंगतीतच बसवा. त्या टेबलाच्या रनरकडं बघणार नाहीत. त्यांचं लक्ष आपल्या लेकाला आग्रहानं वाढलं का आणि आपलं पान पुरुषांच्या बरोबरीनं आलं का, इकडं असतं. यात चूक झाली तर सोनेरी प्लेट वाचवत नाही.

केटररबद्दल एक ओळ पुरे. धोंड्याचं जेवण बाहेरून मागवू नका, पण कणीक मळायला आणि भांडी विसळायला ओळखीतली एखादी बाई पैसे देऊन नक्की सांगा.

कापड. लेसचं प्लास्टिकचं कव्हर असेल तर ते गुंडाळून ठेवा. उन्हाळ्यात घामेजलेलं मनगट त्याला चिकटतं. पांढरा किंवा कोरा मांजरपाट आणा. ७ फूट टेबलाला दोन्ही टोकांकडून आठ-आठ इंच लोंबायला १०० इंच, म्हणजे अडीच मीटरच्या वर. शिलाई आणि आटणं धरून पावणेतीन घ्या. रुंदीला ५२ इंच लागतील, पन्हा तेवढा नसेल तर मधोमध जोड द्या. यापेक्षा जास्त लोंबतं ठेवलं की ते मांडीवर येतं, साडीत अडकतं, आणि उठणाऱ्याबरोबर सगळं टेबल उठतं. नवा मांजरपाट आधी दोनदा धुवा. खळ गेल्याशिवाय तो पाणी शोषत नाही.

आजीची पैठणी रनर म्हणून टाकायचा विचार मनात असेल तर सोडून द्या. रेशमावर तूप पडलं की तो डाग घरी निघत नाही, आणि जरीच्या काठावर आमटीची वाटी ठेवणं मलातरी बघवत नाही. संभाजीनगरच्या हिमरूची शाल घरात आहे, ती वापरू का, असंही कुणी विचारतं. सुती आणि रेशमी धाग्यांची ती वीण चौरंगावर शोभते, तिथं घाला. पण एक लक्षात घ्या, पाव्हणे संभाजीनगरचेच आहेत. पैठण त्यांच्या जिल्ह्यात, हिमरू त्यांच्या गल्लीत. त्यांना त्यांचंच काय दाखवायचं? परभणीचं दाखवा की.

परभणीचं म्हणजे काय, तर ज्वारी आणि कापूस. गावाकडून वाळलेली कणसं मागवा. कृषी विद्यापीठानं काढलेलं परभणी मोती वाण मिळालं तर उत्तम, टपोरे आणि चकचकीत दाणे असतात. पंधरा-वीस कणसं लांब धांड्यासकट कापून पितळी कळशीत उभी करा. बोंडं फुटलेली कापसाची पराटी मिळाली तर तिच्या दोन-चार काड्याही त्यात. फवारणीची धूळ असते म्हणून आधी उन्हात झटकून घ्या. ही कळशी टेबलावर ठेवू नका, दाराजवळ किंवा जेवणाच्या खोलीच्या कोपऱ्यात ठेवा, आणि समईपासून लांब ठेवा. सुटा कापूस ठिणगीला वाट बघायला लावत नाही.

टेबलाच्या मधल्या पट्टीत तीन पितळी फुलपात्रं, त्यात देठ बोटभर ठेवून गुलाब किंवा झेंडू, बाजारात जे ताजं असेल ते. वाटीच्या काठापेक्षा चार बोटं वर, त्याहून उंच नाही. मोगरा या दिवसांत भरपूर, पण टेबलावर नको. त्याचा वास पुरणाच्या वेलचीवर चढून बसतो. मोगऱ्याचे गजरे बायकांना द्या आणि उरलेली फुलं हात धुवायच्या बेसिनजवळ वाटीत ठेवा. मेणबत्त्या दुपारी एक वाजता, ४२ अंशांत, पंख्याखाली कशाला हव्यात हे मला कळलेलं नाही.

नॅपकिनचे मोर. घडी सुरेख असते, पण ती उभी राहावी म्हणून कापडाला खळ लागते, आणि खळीचं कापड तूप पुसत नाही, पसरवतं. शिवाय पाहुणा ती घडी मोडायला कचरतो आणि शेवटी खिशातला रुमाल काढतो. धुऊन मऊ झालेला सुती पंचा चौकोनी कापून, काठ शिवून, प्रत्येकाच्या डाव्या हाताला साधी घडी घालून ठेवा. उजवा हात बरबटलेला असतो, म्हणून डावीकडं.

आता ताट. इथं मात्र जीव ओता.

धोंड्याच्या जेवणाची एक अडचण असते, सगळं पिवळं. धोंडे पिवळसर, वरण पिवळं, येळवणीची आमटी तपकिरी, भजी सोनेरी, आमरस केशरी. चव कितीही उत्तम असली तरी ताट एकसुरी दिसतं. पण डावी बाजू आपल्या आधीच्या बायकांनी याच कामासाठी ठेवलीय. ताटाच्या वरच्या टोकाला मधोमध मीठ. त्याच्या डावीकडून खाली येत लिंबाची फोड, मग चटणी, लोणचं, कोशिंबीर, आणि खाली भजी, पापड, कुरडई. उजवीकडं भाज्या आणि आमटीची वाटी. मध्ये भात आणि गोड. डावीकडचं चिमटीनं थोडं थोडं खायचं, उजवीकडचं घासाघासाला लागतं. म्हणून हाताजवळ उजवं.

ही डावी बाजू रंगांनी भरा. शेंगदाण्याची तांबडी चटणी, तिच्याशेजारी जवसाची किंवा कारळाची काळपट. काकडीची कोशिंबीर सालासकट कापून, म्हणजे हिरवी कड राहते. हिरव्या मिरचीचा ठेचा बोराएवढाच. कैरीचं ताजं लोणचं या दिवसांत असतंच. उजवीकडची कोरडी भाजी पिवळ्या बटाट्याची करू नका. भरली वांगी करा, काळ्या मसाल्याची. पिवळ्याशेजारी काळं आलं की पिवळं उजळतं. बाजारात माळवं कमी झालेलं असलं तरी वांगी मिळतात.

आणि भाताची मूद. ही एक गोष्ट नीट जमली तर ताटाला दुसरी सजावट लागत नाही. भात मोकळा नको, थोडा आसट शिजवा, आणि गरम असतानाच मूद पाडा. लहान, उभ्या कडांची वाटी घ्या, आत पाण्याचा हात फिरवा. तूप लावलं तर भाताला पिवळट चट्टा येतो, पाणीच बरं. भात दोन वेळा भरा: आधी निम्मी वाटी, चमच्याच्या पाठीनं हलकं दाबायचं, मग वरपर्यंत, पुन्हा दाबायचं. जोर लावला तर ढेकूळ होतं आणि वरण आत शिरत नाही. ताटाच्या मधोमध वाटी उलटी टेकवा, मनातल्या मनात पाच मोजा, आणि न फिरवता सरळ वर उचला. कडा कापल्यासारखी यायला हवी. शेंड्याला अंगठ्यानं लहानसा खळगा, त्यात वरण, वरणावर तुपाची धार, आणि तूप बाजूनं एकच ओघळ घेऊन खाली आलं की थांबा. मूद पाव्हणे बसल्यावरच पाडायची. आधी पाडून ठेवली तर वरची शितं वाळून खडखडीत होतात, आणि वर पंखा असला की फारच लवकर.

धोंडे ताटात सुकेच ठेवू नका. पहिला धोंडा समोर फोडून आत तूप घाला, म्हणजे पुरण दिसतं. जावयांचा तुम्ही फोडा, बाकीच्यांचे मुलगा फोडेल.

केळीचं पान हवं असेल तर अर्धापूर, वसमतकडं केळीच केळी आहे, पान मिळायला अडचण नाही. पण अखंड पान टेबलावर बसणार नाही, मघाचा दहा इंचांचा हिशेब आठवा. ताटाच्या आतल्या तळाएवढं गोल कापा, गॅसच्या आचेवरून क्षणभर फिरवा म्हणजे चिरत नाही, आणि ताटात अंथरा. पांढऱ्या कापडावर स्टीलचं ताट, त्यात हिरवं पान आणि वर पांढरी मूद. सोनेरी प्लेटची आठवण कुणाला येणार नाही. वर घासायला ताटही जवळजवळ स्वच्छ. खाली चौरंगावर लेकरांसाठी आणि दुसऱ्या पंगतीसाठी पळसाच्या पत्रावळी आणल्या तरी चालतील. नांदेड जिल्ह्यात किनवट-माहूरकडं पळसाचं रान मोठं आहे.

सासूबाई माळ्यावरची पितळी ताटं काढतील, हे मी आत्ताच सांगते. काढू द्या, पण कल्हई बघा. आतून पांढरट झळाळी असेल तर ठीक. पिवळं पितळ उघडं पडलं असेल तर कोशिंबिरीतलं दही, कैरीचं लोणचं, चिंचेची आमटी, सगळं कळकतं, चव जाते आणि पोटही बिघडतं. कल्हईवाला वेळेवर सापडला नाही तर त्याच ताटात केळीचं पान घाला आणि आंबट ते सगळं स्टीलच्या किंवा काचेच्या वाटीतून द्या. तांब्याच्या भांड्यात पाणी चालेल. पन्हं, सरबत, ताक अजिबात नको. आणि सगळी ताटं एकसारखी नसली तर नसू द्यात. फक्त शेजारी-शेजारी बसणाऱ्यांची सारखी ठेवा, लेक आणि जावयांची नक्की.

पाण्याला माठ. वाळ्याची जुडी आदल्या रात्री माठात सोडा. प्रत्येकाला तांब्या-भांडं दिलं तर जागा संपते, म्हणून भांडं प्रत्येकाला आणि तांब्या मुलाच्या हातात.

आदल्या संध्याकाळी एक काम करा, याला अर्धा तास लागेल. सगळी ताटं, वाट्या, भांडी रिकामीच मांडा, घरातले चौघं खुर्च्यांवर बसा, बाकीच्या खुर्च्या माणूस बसल्यासारख्या मागं ओढून ठेवा. मग तुम्ही वरणाचं रिकामं पातेलं आणि पळी घेऊन टेबलाभोवती एक फेरी मारा. खुर्ची आणि भिंत यांच्यात अडीच फूट तरी हवं. नसेल तर टेबल तिरपं करू नका, सरळ दिवाणखान्यात ओढा. प्रत्येकाच्या डाव्या खांद्याकडून वाकून वाढून बघा. उजवा हात जेवणात असतो, तिकडून गेलात की कोपराला कोपर लागतं. फेरीत पदर कुठं अडकतो, कूलरची वायर कुठं पायात येते, कुठल्या कोपऱ्यात पातेलं टेकवायला जागा लागते, हे तिथंच कळेल. भिंतीशी एक स्टूल ठेवाल, पातेल्यासाठी. कूलरचा झोत टेबलावर नको, पायांवर घ्या. लाईट गेली तर हातपंखे सासूबाईंकडं असतीलच, ते सापडतील अशा जागी आत्ताच काढून ठेवा.

मीठ, लिंबू, चटण्या, लोणचं आधी वाढून वर जाळी. कोशिंबिरीला मीठ शेवटी घाला, नाहीतर पाणी सुटून ते पानावर पसरतं. पाव्हणे ओवाळून उठले, हात धुवायला गेले, की भजी तळायला घ्या.

जेवणं झाल्यावर कापडावर हळदीचे डाग असणारच. लगेच साबण लावू नका, साबणानं हळद लाल होते आणि माणूस घाबरतो. आधी गार पाण्यातून काढा. तुपाच्या डागावर बेसन चोळून ते तूप ओढू द्या. मग साबण लावून धुवा आणि थेट उन्हात टाका, सावलीत नाही. हळदीचा रंग उन्हानं उडतो, आणि परभणीचं मे महिन्याचं ऊन या कामाला पुरून उरतं. डाग राहिलाच तर दुसऱ्या दिवशी तेवढा भाग ओला करून पुन्हा गच्चीवर.